बाल्डर्स गेट ३: सॉर्सरर असा घडवा की तो शेवटच्या लढाईपर्यंत पुरेल

बाल्डर्स गेट ३ मध्ये बारा क्लास, म्हणजे पात्रांचे बारा प्रकार, आहेत, आणि नव्यानं खेळायला बसलेल्या पोरांचा हात हमखास सॉर्सररवर जातो. हातातून आग निघते, वीज निघते, आणि विझर्डसारखं जाडजूड पुस्तक घेऊन हिंडायची भानगड नाही. पण चौथ्या-पाचव्या लेव्हलला यातलीच निम्मी पोरं वैतागतात. पहिल्या लढाईत सगळा दारूगोळा संपलेला असतो, दुसऱ्या लढाईत सॉर्सरर कोपऱ्यात उभा राहून फायर बोल्टसारखी फुटकळ जादू मारत बसतो, आणि मग 'हा क्लासच कच्चा आहे' असं ठरवून ती फायटरकडं वळतात.

क्लास कच्चा नाही. त्याचा हिशोब वेगळा आहे आणि तो हिशोब गेम नीट समजावून सांगत नाही. जे सांगतो ते बारीक इंग्रजी अक्षरांच्या खिडक्यांमध्ये. आपल्याकडची लातूर, नांदेड, बीडची बरीच पोरं हा गेम खेळतात, पण त्या खिडक्या वाचायचा त्यांना कंटाळा येतो. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. लॅरियन स्टुडिओजनं हा गेम ऑगस्ट 2023 मध्ये पीसीवर आणला. नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवरून घेतले आहेत, काही ठिकाणी बदलून. त्या मूळ खेळात सॉर्सरर हा क्लास 2000 साली तिसऱ्या आवृत्तीत आला, आणि त्याच वर्षी निघालेल्या बाल्डर्स गेट २ मध्येही तो होता. तेव्हापासून त्याची ओळख एकच: स्पेल (जादूचे मंत्र) थोडे माहीत, पण जे माहीत ते मनाला येईल तसं वापरायची मोकळीक.

गेमला 150 जीबी जागा लागते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करायला बसलात तर आठवडा जाईल. हा खेळ टर्नवर चालतो, बोटांची चपळाई लागत नाही, आणि एकट्यानं खेळताना इंटरनेट असलं काय, नसलं काय, फरक पडत नाही. लाईट कधीही जाते अशा गावात हे मोठं सुख आहे. फक्त प्रत्येक लढाईआधी एफ५ दाबून सेव्ह करायची सवय लावा.

करिश्मा, आणि त्याखालोखाल कॉन्स्टिट्यूशन

कॅरेक्टर बनवताना 27 गुण वाटायला मिळतात, वर एका क्षमतेला 2 आणि दुसऱ्या एकीला 1 असे जास्तीचे. माझी वाटणी अशी: स्ट्रेंग्थ 8, डेक्स्टरिटी 14, कॉन्स्टिट्यूशन 16, इंटेलिजन्स 8, विझडम 10, करिश्मा 17. जास्तीचे 2 करिश्म्याला आणि 1 कॉन्स्टिट्यूशनला दिलेले आहेत.

करिश्मा जास्त का, हे आकड्यातच बघा. शत्रूला तुमच्या स्पेलपासून वाचायचं असेल तर वीस बाजूंच्या फाशावर जो आकडा गाठावा लागतो तो असा निघतो: 8 अधिक तुमचा प्रोफिशिएन्सी बोनस (लेव्हलसोबत वाढणारा, सरावाचा) अधिक करिश्म्याचा मॉडिफायर (क्षमतेच्या आकड्यावरून निघणारी भर). पाचव्या लेव्हलला बोनस 3 असतो. करिश्मा 16 असेल तर शत्रूला 14 गाठायचे, 20 असेल तर 16. वरकरणी दोनाचा फरक, पण शत्रू वाचण्याची शक्यता प्रत्येक वेळी दहा टक्क्यांनी खाली येते. 20 वर जायचं कसं? चौथ्या लेव्हलला फीट (एखादं खास कसब) घेण्याऐवजी करिश्म्याला 2 द्या, 19 झाला. उरलेला 1 गोष्टीच्या पहिल्या अंकातल्या आंटी एथेल या चेटकिणीकडून मिळतो. तिला मरणाच्या दारात आणलं की ती केसांच्या बदल्यात जीव मागते, आणि त्या केसानं कोणतीही एक क्षमता 1 नं वाढते.

करिश्म्याचा दुसरा फायदा बोलण्यात होतो. या गेममध्ये अर्धी भांडणं तोंडानं मिटतात. तुमचं मुख्य पात्रच सॉर्सरर असेल तर पर्सुएशन आणि इंटिमिडेशन ही दोन कौशल्यं घ्या आणि गावातल्या सरपंचासारखं पुढं होऊन बोला.

कॉन्स्टिट्यूशनकडं मात्र पोरं बघतच नाहीत, आणि खरी गडबड तिथंच होते. काही स्पेल कॉन्सन्ट्रेशनवर चालतात, म्हणजे टाकून झाल्यावरही ते मनात धरून ठेवावे लागतात. असा स्पेल एका वेळी एकच धरता येतो. तुम्हाला मार बसला की फासा पडतो: 10 किंवा झालेल्या डॅमेजच्या निम्मे, यांत जे मोठं असेल ते गाठायचं. नाही गाठलं तर स्पेल सुटला. सॉर्सररला कॉन्स्टिट्यूशनच्या बचावात जन्मजात प्रोफिशिएन्सी आहे. गेममधला साथीदार गेल विझर्ड आहे, त्याला ती नाही. पाचव्या लेव्हलला कॉन्स्टिट्यूशन 16 असलेला सॉर्सरर फाशात 6 मिळवतो, म्हणजे साधा मार बसल्यावर शंभरातल्या 85 वेळा स्पेल टिकतो. ही प्रोफिशिएन्सी नसती तर 70 वेळा. म्हणून पुढं दुसरा क्लास जोडायचा बेत असला तरी पहिली लेव्हल सॉर्सररचीच घ्या. ही प्रोफिशिएन्सी फक्त पहिल्या क्लासकडून मिळते.

वंश निवडताना माणूस किंवा हाफ-एल्फ घ्या, असं मी सांगेन. या दोघांना ढाल वापरता येते आणि ढाल हातात असतानाही स्पेल टाकता येतो. फुकटात आर्मर क्लास (शत्रूला वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 2 नं वाढतो, तो सोडायचा कशाला?

रक्त कुणाचं?

सॉर्सररची जादू रक्तातून येते आणि ते रक्त पहिल्याच लेव्हलला निवडायचं असतं. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं ड्रॅकोनिक ब्लडलाइन, म्हणजे ड्रॅगनचं रक्त, घ्यावं. अंगावर चिलखत नसताना आर्मर क्लास 13 अधिक डेक्स्टरिटीचा मॉडिफायर मिळतो, आणि दर लेव्हलला 1 जास्तीचा हिट पॉइंट. वरच्या वाटणीनं ढालीसकट आर्मर क्लास 17 होतो. कपडे घालून हिंडणाऱ्या जादूगारासाठी हे फार चांगलं आहे. सहाव्या लेव्हलला तुमच्या ड्रॅगनच्या प्रकारच्या डॅमेजमध्ये करिश्म्याचा मॉडिफायर मिळवला जातो. लाल ड्रॅगन आगीचा, निळा विजेचा, पांढरा थंडीचा.

स्टॉर्म सॉर्सरी कमी लोक घेतात, पण विजेवर भर द्यायचा असेल तर ती फार कामाची आहे. पहिल्या किंवा वरच्या लेव्हलचा स्पेल टाकल्यावर त्याच टर्नमध्ये उडून लांब जाता येतं, आणि सहाव्या लेव्हलला क्रिएट वॉटर, कॉल लायटनिंगसारखे स्पेल आपोआप मिळतात. पाणी आणि वीज एकाच माणसाच्या हातात आली की काय होतं ते पुढं सांगतो. अडचण एवढीच की हे उडणं बोनस अॅक्शन (टर्नमध्ये मुख्य अॅक्शनशिवाय मिळणारी छोटी कृती) खातं, आणि सॉर्सररची बोनस अॅक्शन फार मोलाची असते.

वाइल्ड मॅजिकमध्ये कधी काय होईल याचा नेम नाही. मित्र जमवून खेळताना मजा येते, गोष्ट नीट पुढं न्यायची असेल तर नको. एप्रिल 2025 च्या आठव्या पॅचमध्ये शॅडो मॅजिक आली. अंधारात लढायची आवड असणाऱ्यांनी ती दुसऱ्या खेपेला घ्यावी.

पॉइंट कुठं खर्च करायचे

दुसऱ्या लेव्हलपासून सॉर्सरी पॉइंट मिळतात. जितकी लेव्हल तितके पॉइंट, आणि लाँग रेस्ट (कॅम्पमधली रात्रीची झोप) घेतली की पुन्हा भरतात. या पॉइंटांतून दोन कामं होतात. एक मेटामॅजिक, म्हणजे स्पेल वाकवणं. दुसरं, स्पेल स्लॉट तयार करणं. स्लॉट म्हणजे एक स्पेल टाकायची शिदोरी, आणि स्पेल जितका ताकदीचा तितकी त्याची आणि स्लॉटची लेव्हल वरची.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. नळाला कितव्या दिवशी पाणी येणार हे ज्या घरात कॅलेंडरवर लिहिलेलं असतं, तिथं बाई पहिल्याच दिवशी टाकी उपसत नाही. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं, आणि एक हंडा अडीनडीला झाकून. सॉर्सररचे पॉइंट असेच धरायचे. लाँग रेस्ट म्हणजे नळाला पाणी येण्याचा दिवस. मधल्या शॉर्ट रेस्टनं वॉरलॉक या दुसऱ्या क्लासचे स्लॉट भरतात, तुमचे भरत नाहीत.

आता मोडतोडीचा भाव बघा. पहिल्या लेव्हलचा स्लॉट मोडला तर 1 पॉइंट हाती येतो, तोच स्लॉट बनवायला 2 लागतात. दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटला 3, तिसऱ्याला 5, चौथ्याला 6, पाचव्याला 7. म्हणजे मोडून पुन्हा बनवलं की दरवेळी नुकसान. बनवायचाच असेल तर लढाई सुरू व्हायच्या आधी बनवा. लढाईत त्यासाठी बोनस अॅक्शन जाते.

मेटामॅजिकमध्ये दुसऱ्या लेव्हलला दोन प्रकार, तिसऱ्याला एक आणि दहाव्याला आणखी एक निवडता येतो. माझ्या मते क्विकन्ड आणि ट्विन्ड हे दोन हवेतच. क्विकन्डला 3 पॉइंट लागतात आणि अॅक्शनचा स्पेल बोनस अॅक्शनमध्ये बसतो. टेबलावरच्या खेळात त्यानंतर त्या टर्नमध्ये दुसरा मोठा स्पेल टाकायला मनाई आहे, या गेममध्ये ती नाही. म्हणजे एका टर्नमध्ये दोन फायरबॉल. पण क्विकन्ड तिसऱ्या लेव्हलपासूनच मिळतो. ट्विन्डमध्ये एकाच माणसावर चालणारा स्पेल दोघांवर टाकता येतो, आणि स्पेलची जितकी लेव्हल तितके पॉइंट जातात.

हाइटन्डला 3 पॉइंट लागतात आणि शत्रूला दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा घ्यावा लागतो. होल्ड पर्सनसोबत तो लावलात तर समोरचा पुतळ्यासारखा उभा राहतो, आणि जवळून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल होतो. हातात तलवार घेतलेले साथीदार असतील तर एका टर्नमध्ये सरदार आडवा. केअरफुलमध्ये तुमची माणसं तुमच्याच स्पेलपासून आपोआप बचावतात, बघणाऱ्याला भुलवून जागीच थांबवणारा हिप्नॉटिक पॅटर्न वापरणाऱ्यानं तो जरूर घ्यावा. डिस्टन्ट, एक्स्टेंडेड आणि सटलवर जागा खर्च करू नका.

हेस्ट ट्विन्ड करून दोघांवर टाकणं ही सॉर्सररची सगळ्यात गाजलेली खेळी आहे. तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट आणि 3 पॉइंट दिले की लाएझेल आणि कार्लाख या तलवारबाज साथीदार दोघींना दर टर्नला एक जास्तीची अॅक्शन. पण हेस्ट कॉन्सन्ट्रेशनवर चालतो. तो मध्येच तुटला तर दोघीही गळून जातात आणि त्यांचा पुढचा टर्न वाया जातो. वर सांगितलेले 85 टक्के एका माराचे आहेत. एकाच फेरीत तीन बाण लागले तर तीन वेळा फासा पडतो, आणि तिन्ही वेळा वाचण्याची शक्यता 61 टक्क्यांवर येते. म्हणून हेस्ट टाकल्यावर सॉर्सररनं खांबामागं जायचं, आणि शील्ड या बचावाच्या स्पेलसाठी पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट राखून ठेवायचा. शील्ड रिअॅक्शनमध्ये, म्हणजे शत्रूच्या टर्नमध्ये, चालतो आणि आर्मर क्लास 5 नं वाढवतो, 17 चे 22. आठव्या लेव्हलला वॉर कास्टर फीट घेतलं की कॉन्सन्ट्रेशनच्या फाशाला दुसरी संधी मिळते. 

पाण्यात आग लावू नका

नांदेडला इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याचा एकदा फोन आला. "मामा, समदे स्पेल आगीचे घेतलेत, तरी अर्धाच डॅमेज बसायलाय. गेमच बिघडलाय का काय?" मी त्याला लढाईचा व्हिडिओ पाठवायला लावला. शॅडोहार्ट या साथीदार क्लेरिकनं आधी क्रिएट वॉटर टाकून गॉब्लिनांच्या टोळक्यावर पाऊस पाडला होता, कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पाणी पाडणं चांगलं असतं. आणि मग हा त्या भिजलेल्या गॉब्लिनांवर फायरबॉल टाकत होता.

भिजलेल्या शत्रूला आगीचं डॅमेज निम्मं लागतं. विजेचं आणि थंडीचं दुप्पट लागतं. या एका नियमावर पहिल्या अंकातल्या कितीतरी लढाया फिरतात, म्हणून आकडे बघू. फायरबॉल आणि लायटनिंग बोल्ट दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे, दोन्हींना सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28. भिजलेल्या गॉब्लिनावर फायरबॉल पडला तर 14, आणि तो वेळेत बाजूला झाला तर 7. त्याच गॉब्लिनावर लायटनिंग बोल्ट पडला तर 56, बाजूला झाला तरी 28. तोच स्लॉट, तोच टर्न, आणि आठपट फरक पडू शकतो.

शॅडोहार्टकडं स्लॉट नसेल तर पाण्याची बाटली फेकून मारा, तीही चालते. दोन गोष्टी मात्र जपा. पाऊस तुमच्या माणसांवरही पडतो, आणि जमिनीवर साचलेल्या पाण्यात वीज पसरते. कार्लाख डबक्यात उभी असेल तर आधी तिला बाहेर काढा. लायटनिंग बोल्ट सरळ रेषेत जातो, फायरबॉलसारखा गोल फुटत नाही, म्हणून शत्रू एका ओळीत येतील अशी जागा धरावी लागते. दाराच्या चौकटीसमोर तिरकं उभं राहिलात की ती ओळ आपोआप मिळते.

आता पाचव्या लेव्हलच्या सॉर्सररसमोरचा खरा प्रश्न. तुमच्याकडं तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट आणि 5 पॉइंट आहेत. 3 पॉइंट घालून क्विकन्ड केलं तर एकाच टर्नमध्ये दोन लायटनिंग बोल्ट पडतील, हाती 2 पॉइंट उरतील आणि मोठं काही उरणार नाही. नाहीतर 5 पॉइंटांचा तिसरा स्लॉट बनवून तीन टर्नमध्ये तीन बोल्ट टाकता येतील. बेरजेत दुसरा पर्याय मोठा दिसतो, पण मी बहुतेक वेळा पहिला घेतो. पहिल्याच टर्नमध्ये मेलेला शत्रू बाण मारत नाही, बरं करणारा स्पेल टाकत नाही, आणि तुमचं कॉन्सन्ट्रेशन मोडत नाही. तीन टर्न शांतपणे वीज टाकायला मिळतील अशी लढाई क्वचित असते. तिसरा स्लॉट बनवायचा तो मागून शत्रूंची दुसरी तुकडी येणार हे माहीत असेल तेव्हा.

भाच्यानं त्या रात्री लाल ड्रॅगन बदलून निळा केला. कॅम्पमध्ये विदर्स नावाचा एक सांगाडा येऊन राहतो, त्याला 100 सोन्याची नाणी दिली की क्लास, क्षमता, स्पेल सगळं नव्यानं निवडता येतं. म्हणून सुरुवातीला काही चुकलं तर नवीन खेळ सुरू करू नका.

थोडे स्पेल, पण कामाचे

पाचव्या लेव्हलला सॉर्सररला सहाच स्पेल शिकता येतात. माझे सहा: शील्ड, मॅजिक मिसाइल, मिस्टी स्टेप, होल्ड पर्सन, हेस्ट, लायटनिंग बोल्ट. मॅजिक मिसाइल कधी चुकत नाही, म्हणून शेवटच्या दोन-चार हिट पॉइंटांवर अडलेल्या शत्रूसाठी ठेवायचा. मिस्टी स्टेप बोनस अॅक्शनमध्ये जागा बदलतो. अगदी सुरुवातीला स्लीप घ्या, कारण कमी हिट पॉइंटवाल्या शत्रूंना तो बचावाचा फासाच टाकू देत नाही. पुढं शत्रू तगडे झाले की तो काढून टाका. दर लेव्हलला एक जुना स्पेल बदलता येतो, आणि हा हक्क वापरायला लोक विसरतात. सहाव्या-सातव्या लेव्हलच्या सुमारास शत्रूचा स्पेल उधळणारा काउंटरस्पेल घ्या. शत्रूच्या बाजूला जादूगार असतील अशा लढाईत त्याला तोड नाही.

सगळेच स्पेल मारण्याचे घेऊ नका. सहा स्पेल आगीचे घेतलेला सॉर्सरर टीफलिंगसारख्या, आग निम्मीच लागणाऱ्या शत्रूसमोर आला की त्याचा हात बांधला जातो.

विश्रांतीबद्दल एवढंच सांगतो की कंजूषपणा करू नका. लाँग रेस्टला शिधा 40 लागतो, टॅक्टिशियन या अवघड पातळीवर 80. पोत्यात शिधा साठवून रिकाम्या स्लॉटांनी लढणारे लोक मी पाहिले आहेत. फक्त वॉकीन्स रेस्टसारख्या ठिकाणी, जिथं सराय पेटलेली दिसते, तिथं झोपायला जाऊ नका. आत अडकलेली माणसं वाचत नाहीत.

शेवटच्या लेव्हल

लेव्हल बारापर्यंतच जाते. शुद्ध सॉर्सररला अकराव्या लेव्हलपासून चेन लायटनिंग शिकता येतो. दहा फासे, आठ बाजूंचे, मुख्य शत्रू आणि आणखी तिघांवर, आणि आपल्या माणसांना धक्का नाही. त्याशिवाय 12 पॉइंट आणि तिसरं फीट.

दुसरा रस्ता दहा लेव्हल सॉर्सरर आणि दोन लेव्हल टेम्पेस्ट क्लेरिक, म्हणजे वादळाच्या देवाचा पुजारी. अशानं सहाव्या लेव्हलचा स्लॉट मिळतो पण चेन लायटनिंग शिकता येत नाही. बदल्यात दर शॉर्ट रेस्टला एकदा विजेचं डॅमेज फासे न टाकता पुरंच्या पुरं घेता येतं. सहाव्या लेव्हलच्या स्लॉटमधून लायटनिंग बोल्ट टाकला की अकरा फाशांचे 66, भिजलेल्या शत्रूवर 132. क्रिएट वॉटरही क्लेरिककडूनच मिळतो, म्हणून शॅडोहार्टचा टर्न मोकळा राहतो. एकच मोठा सरदार पाडायचा असेल तर मी हा रस्ता घेईन. शत्रू चहूबाजूंनी विखुरलेले असतील, मध्ये आपलीच माणसं गुंतलेली असतील, तर शुद्ध बारा. दोन्ही करून बघायचे असतील तर तिसऱ्या अंकात विदर्ससाठी 200 नाणी बाजूला ठेवा, आणि प्रत्येक वेळी पहिली लेव्हल सॉर्सररचीच निवडली आहे ना ते तपासा.